डोणगावच्या कमलचे उपास

मलकापूर

पुण्याहून निघालेल्या आम्ही अकराजणी आणि आमच्या खेळाच्या सुलभाबाई मलकापूरच्या फलाटावर उतरलो, तेव्हा बुलढाणा जिल्ह्याविषयी आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तिथे कापूस पिकतो, आणि तिथल्या मुलींना खो-खो खेळता येत नाही. पहिली खरी निघाली.

राज्य नवंनवं होतं. पुण्याकडच्या आणि विदर्भातल्या मुलांनी एकमेकांची तोंडं तरी बघावीत, असं कुणा शिक्षकांच्या मनात आलं आणि नाताळच्या सुट्टीत आमची टोळी आठ दिवसांसाठी तिकडे गेली. मी पंधरा वर्षांची होते. परवा नातीने विचारलं, "आजी, माझ्याएवढी असताना तू काय खायचीस?" मी "वरणभात, पोळीभाजी" म्हणून मोकळी झाले. पण मग दिवसभर त्या आठ दिवसांतली ताटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. माझ्याच वयाच्या मुली, एकाच जिल्ह्यातल्या, फार तर एका दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या. आणि प्रत्येकीचं ताट वेगळं. म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रत्येक गावी आम्ही एकेका मुलीच्या घरी उतरायचं, असं ठरलं होतं. मलकापुरात मी अलकाकडे होते. तिचे वडील कापसाचे व्यापारी. घर स्टेशनाच्या इतकं जवळ, की गाडी आली की मांडणीवरचे पेले किणकिणत. अलकाच्या खाण्यातही ती गाडीच होती. सकाळी चहाबरोबर स्टेशनावरून आणलेला पाव. दप्तरात मुंबईची बिस्किटं. फडताळात नागपूरची संत्री, भुसावळकडची केळी, कुणी ओळखीच्याने इंदुराहून आणलेली शेव. गाडी जिथून येई तिथलं काही ना काही त्या घरात उतरे. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बिस्किटाचा पुडा फक्त आजारपणात यायचा, त्यामुळे मी पहिल्या दिवशी हावरटासारखी खाल्ली आणि संध्याकाळी पोट धरून बसले.

त्याच संध्याकाळी अलकाच्या आईने अंगणात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली. हिरवी, लांबट, हातभर मोठी. त्यांची सालं काढून लाकडी उखळीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि कढत तेल. बरोबर कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद दळलेली. तसं भरीत मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही. पोटदुखी विसरून मी दोन भाकरी खाल्ल्या. अलकाने मात्र ताट बाजूला सारलं.

"मले नाही पाहिजे भाकर. भाकर खेड्यातले लोक खातात."

"अन् तुहा बाप कुठचा आहे वं? आकाशातून पडला का?" तिची आई म्हणाली. "या पोरीले पाव नेऊन द्या कोणी!"

सगळे हसले आणि अलकाला खरोखरच पाव मिळाला. दुसऱ्या दिवशीचा सामना आम्ही आरामात जिंकला. अलका दोन मिनिटांत दमून खाली बसली आणि हसत मला म्हणाली, "तुम्ही लोक धावता बाप्पा!" मला ते फार आवडलं. आपण पुण्याच्या, म्हणून धावतो, असं मला वाटलं.

डोणगाव

मलकापूर सोडलं की घाट चढून बुलढाणा, मग चिखली, मेहकर, आणि मेहकरच्या पलीकडे डोणगाव. दिवसभराचा प्रवास. दोन्ही बाजूंना काळी रानं, फुटलेला कापूस, वेचणाऱ्या बायांच्या पाठीला बांधलेल्या पांढऱ्या झोळ्या, आणि मधूनमधून शेंगांनी वाकलेली तूर. माझी वळकटी चिखलीला कुणाच्या तरी सामानाबरोबर उतरली. त्यामुळे डोणगावात मी हातात फक्त एक पिशवी घेऊन उभी राहिले.

मला न्यायला आलेली मुलगी काळीसावळी, काटक, माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती. परकर-पोलक्यावर भावाचा जुना स्वेटर.

"मी कमल. तुहं बिस्तर कुठं हाये?"

"हरवलं."

"मग माह्या वाकळीत झोपशीन?" तिने विचारलं, आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

इतक्या सहज मैत्री पुन्हा कधी झाली नाही. त्या गावात हायस्कुलात मुली जेमतेम बारा-तेरा होत्या, आणि त्यातल्या नऊ खो-खोत. कमल त्यांची कप्तान. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता, विहिरीवर मोट चालायची, आणि मळ्यातच मातीच्या भिंतींचं तीन खणांचं घर. कमलच्या आईला मी मावशी म्हणू लागले. त्या कमी बोलायच्या. वडील दिवसभर मळ्याला पाणी देण्यात.

पहिल्याच जेवणाला मावशींनी माझ्यापुढे गव्हाच्या पोळ्या, तूप घातलेला भात, फ्लॉवरची भाजी आणि वाटीभर दूध-साखर ठेवलं. पुण्यात असतं तसंच जेवण. मनातल्या मनात मी थोडी हिरमुसले, कारण मला भरीत-भाकर हवी होती. पण घरच्यासारखं मिळालं म्हणून बरंही वाटलं.

"कमल, तू पण बस ना माझ्याबरोबर."

"मले सोमवार हाये," कमल म्हणाली.

मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर ताक. आमची आत्या उपासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्त जेवते असं वडील म्हणत. मी विचारलं, "मग तू काय खाणार?"

"खाल्ले मी शेंगदाणे," ती म्हणाली.

त्या दोन दिवसांत मी कमलची सावली झाले. ती पहाटे मळ्यात गेली की मी तिच्यामागे. ती पाणी शेंदायला गेली की मी दुसरी बादली घेऊन. ती झोपली की मी तिच्याच वाकळीत. मला एकच मोठा भाऊ. बहीण असती तर ती अशी असती, असं मला सारखं वाटे. कमलने मला फ्लॉवरचा गड्डा पानांसकट कसा कापायचा ते दाखवलं. मेथीच्या जुड्या बांधायला शिकवलं; माझ्या जुड्या पुन्हापुन्हा सुटत आणि ती हसून पुन्हा बांधी. माझं बोलणं ऐकून म्हणे, "तू पुस्तकावानी बोलून राह्यली." मी तिचं बोलणं शिकायचा प्रयत्न केला तर ती पोट धरून हसे.

टोपल्या भरताना मी एक गोष्ट पाहिली, पण तिचा अर्थ तेव्हा लावला नाही. सरळ, गुळगुळीत वांगी बाजाराच्या टोपलीत. कीड लागलेली घरच्या टोपलीत. लाल टणक टोमॅटो बाजारात, फुटलेले घरात. कोबीचे गड्डे बाजारात. त्यांची बाहेरची जाड हिरवी पानं घरात. मुळे बाजारात, पाला घरात. म्हशीचं दूधही एरवी मोठ्या सडकेवरच्या चहाच्या हॉटेलात जातं, असं कमलच्या बोलण्यात आलं. मी मात्र कौतुकाने म्हणाले, "कमल, तुमच्याकडे किती प्रकारच्या भाज्या! तुम्ही रोज मेजवानीच करत असाल."

ती म्हणाली, "हाव." म्हणजे हो.

हरभऱ्याच्या वाफ्यात बसून तिने कोवळे शेंडे खुडून मला दिले. आंबट, खारट, थंडगार. दवाने हात ओले झाले. "तू घे ना," मी म्हणाले, तर तिने हात परकराला पुसले. "आज मंगळवार. देवीचा."

"सोमवार पण आणि मंगळवार पण?"

"आमच्या इकडं असते."

दुपारच्या जेवणाला पुन्हा पोळ्या, पुन्हा भात. मी कमलला आग्रह करकरून एक केळं खायला लावलं आणि मोठी माया केल्यासारखी खूश झाले. संध्याकाळी सामना झाला. उपास धरूनसुद्धा कमल अशी धावली की आमच्या तिघी एका दमात बाद झाल्या. आम्ही हरलो. सुलभाबाई म्हणाल्या, "ही मुलगी पुण्यात असती ना!" डोणगावच्या मुली नाचत होत्या आणि त्यांचे राऊत मास्तर, जे मुलींच्या खेळाला फारसे राजी नव्हते म्हणे, तेही गालात हसले.

बुधवारी सकाळी दोन्ही संघ एकाच एसटीने दुसरबीडला निघाले. तिथे त्या भागातल्या शाळांचा खेळांचा मेळावा होता, आणि मुख्य सामना आमचा नि डोणगावचा. मावशींनी मला केळीच्या पानात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. कमलला एका फडक्यात वेगळं गाठोडं. गाडीत आम्ही सगळ्यांनी आपापले डबे उघडले. कमलने गाठोडं मांडीवरून पायाशी ठेवलं.

"आज तर बुधवार आहे," मी म्हणाले.

"भूक नाही मले. तू खाय."

मी खाल्लं. सगळ्या पुऱ्या खाल्ल्या.

दुसरबीड

दुसरबीड रस्त्यावरचं गाव. सडकेच्या दोन्ही बाजूंना दुकानं, बैलगाड्या, शेंगदाण्यांची पोती, आणि त्या दिवशी तर खेळ पाहायला आसपासच्या खेड्यांतली माणसं. मुली खेळणार म्हटल्यावर गर्दी दुप्पट झाली असं कुणीतरी सांगत होतं. आमची उतरायची सोय तिथल्या एका मोठ्या बागायतदारांकडे होती. त्यांना सगळे पाटीलकाका म्हणत. पण घरी आम्ही नंतर गेलो, आधी मैदान.

दुपारी तीनचं ऊन. पहिली पाळी डोणगावची, आम्ही पळत होतो. कमलने खो घेतला, दोघींना पुढे पळवत खांबापर्यंत आली, खांबाला हात लावून फिरली, आणि तिथेच खाली बसली. मला वाटलं, ठेच लागली. मग ती आडवी झाली.

आम्ही सगळ्या धावलो. तिचे ओठ पांढरे पडले होते. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. गर्दीतून एकजण म्हणाला, "म्या म्हणत नव्हतो? पोट्ट्यायले धावडते का कोणी असं?" राऊत मास्तर घामाघूम झाले होते. ते सुलभाबाईंना म्हणाले, "मी हेडमास्तरायले आधीच सांगतलं होतं, बाई. पोरीच्या जातीले हा खेळ झेपत नाही. उद्या काही झालं तर हिच्या बापाले मी काय तोंड दाखवू? गावी गेल्यावर हे खो-खो बंद."

डोणगावच्या बाकीच्या आठही मुली खाली माना घालून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात कमलने डोळे उघडले. सुलभाबाई तिच्या सामानात गुळाचा खडा वगैरे काही आहे का ते पाहत होत्या. त्यांनी ते फडक्याचं गाठोडं सोडलं. आत लाल रंगाच्या दोन भाकरी होत्या, वाळून कडक झालेल्या, आणि मिरचीचा ठेचा. एक घासही मोडलेला नव्हता. त्या वर्षांत रेशनवर बाहेरच्या देशातली लाल ज्वारी यायची. लोक तिला मिलो म्हणत. पुण्यातही यायची, आमच्या घरी आई ती मोलकरणीला देऊन टाकायची.

"कमल, सकाळपासून काय खाल्लंस तू?" बाईंनी विचारलं.

"खाल्लं होतं."

"काय?"

कमलने बाईंकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एवढंच होतं की बोलू नको.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. उपास ना सोमवारचा होता, ना मंगळवारचा. गव्हाच्या पोळ्या माझ्यापुरत्या होत्या. कमल माझ्या शेजारी बसली असती तर तिच्या ताटात लाल भाकर वाढावी लागली असती, आणि ती मला दिसली असती. म्हणून उपास. चुलीमागे जाऊन तिने गुपचूप भाकर खाल्ली असती, पण मी पाहुणी तिला सोडत कुठे होते? पहाटेपासून निजेपर्यंत मी तिला चिकटलेली. माझ्या मायेने तिचे खोटे उपास खरे करून टाकले होते.

मी गप्प बसले तर कमलची इज्जत राहत होती, आणि खेळ जात होता. एका मुलीचा नाही, नऊजणींचा. बोलले तर कमलचं घर चार गावांच्या लोकांपुढे उघडं पडत होतं. हे सगळं इतकं नीट मला आज मांडता येतं. तेव्हा फक्त रडू येत होतं. मी राऊत मास्तरांपुढे गेले.

"सर, तिला झेपत नाही असं नाही. ती दोन दिवस जेवलीच नाही. माझ्यामुळे. मी पाहुणी म्हणून तिच्या घरच्यांनी सगळं मला दिलं, आणि मी ते खाल्लं. मी उपाशी राहिले असते तर मीही पडले असते. इथे जमलेले हे सगळे काकाही पडले असते."

गर्दीतला तो माणूस मागे सरला. राऊत मास्तरांनी त्या भाकरींकडे पाहिलं. मग त्यांनी फडकं पुन्हा नीट बांधलं आणि म्हणाले, "सामना उद्या सकाळी घेऊ."

कमलने तोंड फिरवलं.

पाटीलकाकांचं घर भरलेलं होतं. कणग्यांतून पांढरीशुभ्र ज्वारी, गोठ्यात चार म्हशी, ओसरीवर गुळाच्या ढेपी. त्यांच्या घरात माझ्याच वयाच्या दोन मुली आणि सोळा वर्षांचा मुलगा. आम्ही पोचलो तेव्हा पुरुषांची पंगत मांडायची तयारी चालली होती. मुलाच्या पाटाशी दुधाचा पेला आधीच ठेवलेला होता, वर बोटभर साय. मुली स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. पुरुष उठल्यावर पाहुण्या, मग घरच्या मुली, मग काकू, अशी रीत. इतक्या भरल्या घरातही मुलींच्या ताटात काय पडायचं ते आधीच्या पंगतीवर ठरे. हे बघून मला राग यायला हवा होता, पण आठवलं ते आमचं घर. माझ्या भावाचा दुधाचा पेला भरलेला असे आणि माझा अर्धा, आणि पंधरा वर्षं मी तो अर्धा पेला पूर्ण समजून पीत आले होते.

काकूंच्या कानावर मैदानातली हकीकत गेली होतीच. ठेंगण्या, मोठं कुंकू लावणाऱ्या बाई. त्यांनी कमलला ओसरीवर बसवलं, पाहिलं, आणि मुलाच्या पाटाशी ठेवलेला तो पेला उचलून तिच्या हातात दिला. गुळाचा खडा दिला. मग आत जाऊन नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज पोरी आधी बसतीन."

पाटीलकाका म्हणाले, "बसू दे ना. पाहुण्या आहेत."

"पाहुण्याच नाही. माह्या पोरी पण."

मग काका म्हणाले, "बरं, बरं," आणि तंबाखूची चंची उघडून बाहेर जाऊन बसले. काकूंच्या दोन्ही मुलींना काय करावं कळेना. त्या पिठाचे हात घेऊन उभ्याच राहिल्या. काकूंनी त्यांना दंडाला धरून पाटावर बसवलं. वरण-बट्टी होती. शेणीच्या विस्तवात भाजलेल्या बट्ट्या, फोडून त्यावर तूप, तुरीचं आंबटगोड वरण, वांग्याची रस्सा भाजी. धाकटी मुलगी सारखी दाराकडे बघत जेवत होती.

कमल माझ्यापासून चार पाट दूर बसली. जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"कमल, चुकलं का माझं?"

"तुले कोणी सांगतलं होतं बोलाले?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "लोकायले वाटन, आमच्या घरी खायाले नाही. आमच्या घरी हाये खायाले. रोज जेवतो आम्ही. फक्त तुह्या जोगं नव्हतं."

"मला भाकर आवडते, कमल."

"लाल भाकर आवडते?"

ती उठून गेली.

सकाळचा सामना मी कधी विसरणार नाही. कोवळं ऊन होतं, दव पडून माती बसली होती. मी पळणाऱ्या पहिल्या तिघींत होते. कमलने खो मिळाल्या मिळाल्या दुसऱ्या कुणाकडे पाहिलंच नाही. ती माझ्यामागे लागली. मी हूल दिली, ती फसली नाही. खांबाला वळसा घालताना तिने मला गाठलं आणि पाठीत असा रपाटा घातला की त्याची लाली दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली नाही. बाद करायला नुसतं बोट लावलं तरी चालतं. मी पाठ चोळत बाहेर आले आणि पहिल्यांदा मला हायसं वाटलं.

डोणगाव जिंकलं. राऊत मास्तर मुलींना काही बोलले नाहीत. फक्त परत निघताना सामान मोजता मोजता म्हणाले, "पुढच्या बुधवारपासून सराव सकाळी. अन् घरून जेवून यायचं सगळ्यांनी. मी विचारीन." डोणगावच्या मुलींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की बांगड्या वाजल्या.

पुन्हा डोणगाव

आमचा परतीचा रस्ता मेहकरवरून होता. सुलभाबाईंनी मला बाजूला घेतलं. "बोललीस ते बरोबर बोललीस. पण बोललीस चारचौघांत. ज्यांच्या घरी जेवलीस त्यांच्यासमोर जाऊन सांगायला हवं." बाकीच्या मुली मेहकरला एका शाळेत थांबल्या, आणि बाई मला घेऊन डोणगावच्या गाडीत बसल्या. कमल पुढच्या बाकावर होती. सबंध वाटेत तिने मागे वळून पाहिलं नाही.

बातमी आमच्या आधीच पोचली होती. मावशी दारातच बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी बाईंना पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मी सांगायला सुरुवात केली. माझी चूक झाली, मला कळायला हवं होतं, असं काहीतरी. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"शाळेतून निरोप होता, बाई. पुण्याच्या पोरीयले भाकर चालत नाही, पोळी-भात करा म्हणून. नणंदेच्या घरून गहू आणला मी. दोन दिस दूध हॉटेलात धाडलं नाही. म्हटलं, पोरगी दुरून आली, तिच्या मायले काय वाटन?" त्यांचा आवाज चढला नाही. "अन् माहीच पोरगी उपाशी पडली मैदानात. मले वाटलं, चुलीमागून घेत असन काहीतरी. पाह्यलं नाही मी नीट."

कमलचे वडील मोट सोडून आले होते. ते दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "जिंकल्या म्हणे तुम्ही?" कमलने मान हलवली. "मग झालं," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मी म्हणाले, "मावशी, आज तुम्ही जे खाणार असाल ते मला द्या. कमलच्या शेजारी."

मावशींनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मलाही."

पितळेची एक मोठी परात आली. मुळ्याच्या पाल्याची झुणक्यासारखी कोरडी भाजी. कोबीच्या जाड पानांची डाळ घालून केलेली. किडकी बाजू काढून टाकलेल्या वांग्याचं पातळ कालवण. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात कांदा, मिरची, मीठ घालून केलेला घोळणा. फुटक्या टोमॅटोची चटणी, जवसाची चटणी. मोजलं तर अलकाच्या घरापेक्षा, पाटीलकाकांच्या घरापेक्षा, आमच्या घरापेक्षा तर कितीतरी जास्त प्रकार त्या एका परातीत होते. बाजाराने नाकारलेलं सगळं मावशींनी हाताच्या चवीने जेवणात आणलं होतं. नव्हतं ते दूध, तूप, आणि पांढरं धान्य. पंधरा वर्षांच्या धावणाऱ्या मुलीला जे लागतं, नेमकं तेच. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा मी फक्त मधोमध ठेवलेल्या त्या लाल भाकरीचा तुकडा मोडला.

कमल माझ्याकडे टक लावून पाहत होती. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या शेजारी जेवायला बसली होती, आणि घास घेत नव्हती.

"सांग," ती म्हणाली. "कसी लागते?"

छान लागते, असं म्हणायला माझी जीभ उचलली होती. पण तिच्या डोळ्यांकडे पाहून खोटं बोलवेना.

"खरखरीत," मी म्हणाले. "घशात अडकते. एकदम वाईट आहे."

आणि मग कमल हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग तिला थांबताच येईना. मावशींनीही पदर तोंडाला लावला. "वाईटच हाये ते बाप्पा!" त्या म्हणाल्या. "काय त्या परदेशातल्या लोकायनं पाठवलं कोण जाणे! जवसाच्या चटणीसंगं खाय, जाते मग खाली."

खरंच गेली. चटणी, वर कच्चा कांदा, मग कालवणात बुडवून. मावशींनी न विचारता तव्यावर आणखी एक टाकली. सुलभाबाई शाळेची, सरावाची, कमलने मॅट्रिक व्हावं याची काहीतरी गोष्ट काढत होत्या. कमलचे वडील "हाव, हाव" म्हणत ऐकत होते. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कमलने भाकरीचा चतकोर मोडून माझ्या बाजूला सरकवला, उरलेली आपल्यापुढे ओढली, आणि कुणाकडेही न बघता, बोटं चाटत, पोटभर जेवली.